तिसरं पेडल

सईची गाडी आठ महिन्यांची, आणि गेले सहा दिवस ती पुण्यात वर्कशॉपमध्ये पडून होती. झालं एवढंच की पडद्यावर एक पिवळा दिवा लागला, मग दुसरा लागला, आणि मग गाडीने लिहून दाखवलं की यापुढे मी वेग घेणार नाही. कुठला तरी सेन्सर गेला होता आणि नवा यायला आठवडा लागणार होता. इकडे चिपळूणला मामींच्या माहेरी बारसं. मामांचा फोन आला, "कराडपर्यंत एसटीने या, पुढचं मी बघतो." सत्तरी ओलांडलेला माणूस आनंद लपवायला लागला की तो फोनवर जास्तच ऐकू येतो.

पुढचं म्हणजे मारुती 800. पांढरी, एसी नसलेली, चार गिअरची, 1999 ची. त्या वर्षी 13 मार्चला कोयनेचं लेक टॅपिंग झालं, म्हणजे जलाशयाला तळाशी भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलं. मामा तेव्हा पोफळीच्या वीजघरात होते. फरकाचे पैसे हातात आले आणि त्यांनी ही गाडी घेतली. तिची सत्तावीस वर्षं म्हणजे त्यांची अर्धी नोकरी आणि अख्खं निवृत्तिवेतन.

"बसा," मामा म्हणाले. "हिला लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे ही कधी नाही म्हणत नाही."

सई पुढे बसली. मी आणि मामी मागे, आमच्या मध्ये डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. मामांनी चोक ओढला, सेल्फ मारला. तीनदा कुरकुरून इंजिन लागलं. सईने सवयीने खांद्यामागून पट्टा ओढून लावला आणि मागे वळून मला म्हणाली, "बाबा, पट्टा."

"मागे पट्टा नाहीये."

तिने काही न बोलता समोर पाहिलं. तिच्या समोर डॅशबोर्डचा काळा पत्रा, वर एक छोटा गणपती. सईचं काम गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरचं. ती त्याच्या चाचण्या घेते. तिला त्या गणपतीमागे काय काय नाही ते सगळं दिसत असणार.

मल्हारपेठेपर्यंत पाऊस रिमझिम होता. मामांचा डावा पाय क्लचवर चढत-उतरत होता, डावा हात गिअरवर, आणि दोघांमध्ये काही बोलणं झाल्याशिवाय कामं होत होती. नवारस्ता आला तसे मामा म्हणाले, "इथं. इथंच तुटली होती केबल." मला ही गोष्ट पाठ आहे, पण सई पहिल्यांदाच ऐकत होती.

"क्लच दाबला, तर पेडल सरळ खाली गेलं. पायाखाली काही नाहीच. संध्याकाळचे साडेसात. शेजारी तुझी मामीआजी, मागे दोन पोरं झोपलेली. गाडी बंद केली, पहिला गिअर टाकला, आणि गिअरमध्येच सेल्फ मारला. दोन हिसके बसले आणि निघाली. आता दुसरा टाकायचा कसा? तर ॲक्सिलरेटर सोडायचा. सोडला की गिअरच्या दातांवरचा ताण क्षणभर सुटतो. त्या क्षणी दांडा बोटाने ओढला तरी न्यूट्रलला येतो. मग थांबायचं. इंजिनाचा आवाज खाली यायला लागतो. तो ऐकायचा. जिथं दुसऱ्या गिअरचा आवाज लागतो ना, तिथं दांडा नुसता टेकवायचा. घाई केलीस तर खर्रर्र करतो. बरोबर टेकवलास तर लोण्यात सुरी. असा आलो कराडपर्यंत. शहरात तीनदा थांबावं लागलं, तीनदा सेल्फवर उचलली. दुसऱ्या दिवशी केबल बदलली, अर्ध्या तासात काम. तुझ्या गाडीत हे होईल?"

"नाही होणार," सई म्हणाली. "माझी तर ऑटोमॅटिकच. पण नव्या मॅन्युअल गाड्यांतही बहुतेक ठिकाणी क्लच दाबल्याशिवाय सेल्फच फिरत नाही. गिअरमध्ये असताना कुणी चुकून चावी फिरवली आणि गाडी उडी मारून कुणाच्या अंगावर गेली, असं होऊ नये म्हणून."

"बघ! म्हणजे चुकणाऱ्यासाठी गाडी बनवायची आणि न चुकणाऱ्याने नवारस्त्यावर मुक्काम करायचा."

"मामाआजोबा, तुम्ही आत्ता जे सांगितलंत, त्यात साधं काय आहे? आवाज ऐका, ताण ओळखा, बोटाने ओढा. तुमची गाडी साधी असेल, पण ती चालवणं भयंकर अवघड आहे. तो सगळा अवघडपणा तुमच्या हातापायांत भरलाय म्हणून ती साधी वाटते. तुमच्या जागी त्या रात्री मामीआजी असती तर?"

मामा हसले. "ती कशाला असेल?"

मागच्या सीटवर डब्याचं झाकण वाजलं. "मला शिकवायला निघाले होते हे," मामी म्हणाल्या. "गाडी आली त्याच वर्षी. कराडात चढावर गाडी उभी, मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. हे ओरडतायत, हाफ क्लच, हाफ क्लच! अर्धं कुठं संपतं आणि पाव कुठं सुरू होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. गाडी चारदा बंद पडली. ट्रॅक्टरवाला उतरून आला आणि म्हणाला, बाई, सरका, मी लावून देतो. त्या दिवशी सोडलं."

"पण तू तर शाळेत गाडीवर जायचीस ना?" सईने विचारलं.

"कायनेटिकवर. वीस वर्षं गेले. तिच्या आधी लूना. कुणी मला विचारलं नाही हाफ काय असतं."

माझ्या डोक्यात तिथून एक वेगळीच वाट फुटली. 1972 साली लूना आली, 1984 ला बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. त्याआधी आमच्या घरी चेतक होती. सकाळी ती एका अंगावर कलती करून, दोन मिनिटं तशी धरून, मग किक मारायची आणि डाव्या मुठीत गिअर फिरवत निघायचं. आईने तिला कधी हात लावला नाही. आम्हाला वाटायचं, तिला आवड नाही. पुढे घरात कायनेटिक आली आणि आई चौथ्या दिवशी एकटी मंडईत जाऊन आली. पुण्याच्या, कराडच्या, नगरच्या किती बायका त्या एका गाळलेल्या गिअरमुळे रस्त्यावर आल्या, याचा हिशेब कुणी मांडला नाही. चेतकवरच्या लेखांत मात्र किकच्या आठवणी भरपूर असतात. त्या आठवणी कुणाच्या आहेत तेही पाहिलं पाहिजे.

पण मामा इतक्यात ऐकणारे नव्हते. पाटण मागे पडल्यावर ते म्हणाले, "बरं, धरून चालू की अवघडपणा माझ्यात होता. माझ्यात होता तर तो माझा होता ना? केबल तुटली तरी तो घेऊन मी घरी आलो. तुझ्या गाडीतला अवघडपणा कुणाचा? तुझा तर नाही. तू स्वतः ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतेस आणि तुझ्याच गाडीचा पिवळा दिवा तुला घालवता येत नाही."

"येत नाही. दुसऱ्या कंपनीची गाडी आहे."

"पाटणच्या स्टँडमागे आमचा गॅरेजवाला होता. कार्बोरेटर उघडायचा, जेटमध्ये फुंकर मारायचा, प्लग घासून लावायचा, वीस रुपये घ्यायचा. आता त्याच्या पोराने स्कॅनर घेतलाय. नव्या गाडीला लावला तर ती त्याला अर्धंच सांगते, उरलेलं फक्त कंपनीला."

"सगळं उघडं ठेवलं तर कुणीही ब्रेकच्या कोडमध्ये हात घालेल, मामाआजोबा. तुम्हाला चालेल? समोरून येणाऱ्या गाडीचा ब्रेक कुणीतरी स्टँडमागे जमवलाय म्हणून?"

"ब्रेकचं ठेव बंद. बाकीचं?"

सई थोडा वेळ गप्प बसली, मग स्वतःच म्हणाली, "बाकीच्यात वाह्यातपणा आहे, खरंय. 2022 ला बीएमडब्ल्यूने काही देशांत सीट गरम करायचं महिन्याचं भाडं लावलं होतं. हीटर गाडीत बसवलेलाच. पैसे भरले की चालू. लोक इतके चिडले की पुढच्या वर्षी गुंडाळावं लागलं."

मामांनी गाडी हळू केली. त्यांना हे वाक्य नीट ऐकायचं होतं. "माझ्याच गाडीतली माझीच सीट?"

"हो."

"आणि भाडं?"

"हो."

हेळवाकला चहा घेईपर्यंत ते अधूनमधून "भाडं!" असं म्हणत होते.

टपरीवर पाऊस पत्र्यावर वाजत होता. वडे तळणाऱ्या माणसाने गाडीकडे बघून "800 का?" म्हणून मान डोलावली. असं सईच्या गाडीला कुणी विचारणार नाही, असंही मामांनी लगेच नोंदवलं. मी मध्ये पडून माझ्या वडिलांचं सांगितलं. त्यांची पद्मिनी होती, कुर्ल्यात बनलेली, जाड पत्र्याची, स्टिअरिंगखाली दांड्याचा गिअर. इंदिरा गांधींनी 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुतीची किल्ली दिली, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत शेजाऱ्यांकडे एक आली. वडील तिच्याभोवती फेरी मारून आले आणि म्हणाले, काड्यापेटी आहे. हिच्यात माणसाने करायचं काय? हिला ना नीट आवाज, ना वजन. मामा, तुम्ही सईच्या गाडीला जे म्हणताय ते शब्द मी आधी ऐकलेत, आणि ते तुमच्या गाडीबद्दल होते.

"तुझे वडील चुकत होते," मामा शांतपणे म्हणाले. "मी चुकत नाही."

सई जोरात हसली. मग तिने खिशातून फोन काढला आणि पडद्यांबद्दल बोलायला लागली, आणि इथे मला गंमत वाटली, कारण ती मामांच्या बाजूने बोलत होती. स्वीडनच्या एका मोटार मासिकाने 2022 ला चाचणी घेतली होती. ताशी 110 च्या वेगात चालकाने चार साधी कामं करायची : सीट गरम करणं, रेडिओवर स्टेशन लावणं, अशी. 2005 च्या बटणांच्या व्हॉल्वोत सगळं मिळून दहा सेकंद लागले. पडद्यावरच्या सगळ्यांत वाईट गाडीत पंचेचाळीस सेकंदांच्या घरात. त्या वेगात तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे गेलेली असते. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या एनकॅपने म्हणूनच 2026 पासून सांगितलंय की हॉर्न, वायपर, इंडिकेटर, धोक्याचे दिवे यांना खरीखुरी बटणं वा दांडे हवेत, नाहीतर पूर्ण तारे नाहीत.

"पडदा काही आमच्यासारख्यांनी मागितला नव्हता," ती म्हणाली. "वीस बटणांपेक्षा एक पडदा बनवायला स्वस्त पडतो, आणि शोरूममध्ये चमकतो."

मामांनी बशीतला चहा संपवला. "आमच्या वीजघरात सगळं ऑटोमॅटिक होतं. मी काय अडाणी नाही, पोरी. गव्हर्नर ऑटोमॅटिक, व्होल्टेज ऑटोमॅटिक. माणसाने एवढं पाणी हाताने सांभाळलं असतं होय? पण प्रत्येक ऑटोच्या शेजारी एक स्विच असायचा. ऑटो, मॅन्युअल. ऑटोचं डोकं फिरलं तर तो फिरवायचा आणि मशीन हातात घ्यायचं. आणि वर्षातून काही वेळा मुद्दाम घ्यायला लावायचे, हात विसरू नये म्हणून. माझी तक्रार तुझ्या ऑटोबद्दल नाहीच. शेजारचा स्विच कुठं गेला, ते सांग."

सईने उत्तर दिलं नाही. ती पुण्यात परत गेल्यावर हे वाक्य ऑफिसात कुणाला तरी ऐकवणार, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

कुंभार्ली घाटात शिरलो आणि धुकं आलं. काचा आतून भरल्या. सईच्या गाडीत यासाठी एक बटण आहे. मामांकडे फडकं आहे. ते गिअरच्या शेजारी, ठरलेल्या जागी असतं. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने काच, पुन्हा गिअर. उतार लागला तसा त्यांनी दुसरा टाकला आणि पाय ब्रेकवरून काढून घेतला. इंजिन गुरगुरत गाडीला धरून बसलं.

"ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं," मामा म्हणाले. "ब्रेक दाबत उतरलं की तापतात, तापले की धरत नाहीत. आणि हे ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडतात. मूर्ख लेकाचे."

"तुमच्या कार्बोरेटरला न्यूट्रलचा थोडा फायदा असेल," सई म्हणाली. "इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये पाय उचलून उतरलात की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावं लागतं."

"पूर्ण बंद?"

"शून्य."

"म्हणजे तुझा संगणक माझ्या बाजूचा आहे," मामा म्हणाले, आणि त्या क्षणापुरते ते त्या संगणकावर प्रसन्न झाले.

पुढच्या वळणावर समोरून एक एसटी अगदी मध्यावर आली. मामांनी ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडला, दाबला. चाकं ओल्या रस्त्यावर जरा सरकली आणि धरली. एसटी गेली. मामींनी डबा दोन्ही हातांनी धरला होता. मी पुढच्या सीटची पाठ.

"असं दाबत-सोडत," मामा म्हणाले. आवाज थोडा चढा होता. "एकदम दाबून धरला की चाक अडकतं आणि गाडी घसरत जाते."

"तेच एबीएस करतं," सई म्हणाली. तिचा आवाज मात्र उतरला होता. "सेकंदात कितीतरी वेळा, आणि प्रत्येक चाकाला वेगळं. ज्याला तुमच्यासारखा पाय नाही त्यालाही. 2019 पासून आपल्याकडे ते सक्तीचं आहे. मामाआजोबा, एक बोलू? 2014 ला ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 च्या वेगाने आदळून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या. पाचांनाही मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे. त्यातली एकेक गाडी हिच्यापेक्षा पुढच्या पिढीची होती."

"सत्तावीस वर्षांत एकदाही ठोकलेली नाही मी."

"तुम्ही नाही ठोकलीत. ती एसटी ठोकणार होती."

यावर मामांकडे काही नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. तोपर्यंत, खरं सांगायचं तर, जो शेवटचं बोलेल त्याचं मला पटत होतं. केबलच्या गोष्टीत मामा, कायनेटिकच्या गोष्टीत सई, भाड्याच्या सीटवर पुन्हा मामा. पण पट्टा नसलेल्या सीटवर बसून मतं बाळगणं अवघड जातं. साडेसहाशे किलोच्या त्या गाडीचं मामांच्या पायांशी जे काही नातं होतं ते देखणं होतं. त्यात समोरच्याच्या पायाची जबाबदारी मात्र कुणी घेतलेली नव्हती.

मग पुढे ट्रक बंद पडलेला निघाला. वळणावरच. रांग लागली. दोन हात पुढे जायचं, थांबायचं. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. विसेक मिनिटांनी मामांचा डावा हात गिअर सोडून गुडघ्यावर जाऊ लागला. कराडच्या डॉक्टरांनी त्या गुडघ्याबद्दल काय सांगितलंय ते मामींनी मला फोनवर सांगितलं होतं. मामांनी कुणालाच सांगितलेलं नाही.

"मी घेऊ?" सईने विचारलं. "लायसन्सची टेस्ट मॅन्युअलवरच दिली होती."

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग आरशात मामींकडे. हँडब्रेक ओढला आणि पावसात उतरून फेरी मारून पलीकडे आले.

सईने पहिल्यांदा गाडी बंद पाडली. दुसऱ्यांदा हिसका दिला. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला तसा मामांचा आवाज मऊ झाला, इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "घाई नाही. पाय वर घे... अजून... आता आवाज बदलला ना? तिथं धर. ते अर्धं."

मागून मामी हळूच म्हणाल्या, "मला असं सांगितलं असतं तर."

रांग सुटली. सई दुसऱ्या गिअरात खाली उतरायला लागली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. मामा शेजारी बसले होते, आणि ती गिअर बदलायला जायच्या आधी प्रत्येक वेळी त्यांचा डावा पाय रबराच्या पायपुसण्यावर दाबला जात होता. तिथे काही नव्हतं. दुखणारा गुडघा, पण पाय ऐकत नव्हता. सईने ते पाहिलं. काही वळणं गेल्यावर ती म्हणाली, "स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्या असतात ना, 2014 पासून आल्यात, त्यांच्यात गिअरबॉक्स तुमच्यासारखाच असतो. क्लच प्लेटही तीच. फक्त दाबायला पायाऐवजी यंत्र बसवलेलं असतं."

"तोच गिअरबॉक्स?"

"तोच. हवं तर दांडा ढकलून गिअर तुम्ही बदलायचे. क्लच ते दाबतं."

"म्हणजे शेजारी स्विच आहे."

"आहे."

मामा बाहेर धुक्याकडे बघत राहिले. या गाडीच्या नोंदणीला 2024 मध्ये पाच हजार भरले होते, आता वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार केलेत, असं काहीतरी ते स्वतःशी पुटपुटले. ते कशाचा हिशेब करत होते ते मी विचारलं नाही.

पोफळी आली. खाली उजवीकडे त्यांचं वीजघर, डोंगराच्या पोटात. पाऊस थांबला होता, काचा मात्र अजून भरलेल्याच.

"सई," मामी म्हणाल्या, "तुझी गाडी आली की मला एकदा बसव. पुढं. चालवायच्या जागी."

"नक्की, मामीआजी."

"आधी तिला विचारून घे हँडब्रेक कुठं असतो ते," मामा वळून म्हणाले.

"बटण आहे, मामाआजोबा."

मामांनी फडकं उचललं आणि सईच्या समोरची काच पुसू लागले.